प्रेसिंग आणि कडेचा खेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या फुटबॉल संघातले पुढचे दोघे जीव तोडून प्रेस करतात (चेंडू असलेल्या खेळाडूवर धावून दबाव टाकतात). तरी समोरचा संघ दोन-तीन पासमध्ये सुटतो आणि थेट आमच्या बचावफळीवर चालून येतो. आमचं पळणं कमी पडतंय का?

उत्तर : पुढच्यांचं पळणं पुरेसं आहे, मागच्यांचं वर येणं कमी पडतंय. पुढचे दोघे समोरच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत गेले आणि तुमची बचावफळी आपल्याच बॉक्सपुढे थांबली, तर 105 मीटरच्या मैदानावर तुमचा संघ जवळजवळ 70 मीटर ताणला जातो. एवढा पट्टा तीन-चार मिडफिल्डरना झाकताच येत नाही. प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या एसी मिलान या इटालियन क्लबनं 1980 च्या दशकाच्या शेवटी याचंच उत्तर शोधलं होतं. पुढच्या फॉरवर्डपासून शेवटच्या बचावपटूपर्यंत साधारण 25 मीटर, एवढाच पसारा त्यांना हवा असे. आजही हे अंतर 30-35 च्या पुढे गेलं की मध्ये चेंडू घेऊन वळायला जागा मिळते.

म्हणजे वरती प्रेस करायचा असेल तर बचावफळी मध्यरेषेजवळ हवी. पण मध्यरेषा ओलांडून नको. स्वतःच्या अर्ध्या भागात उभा असलेला खेळाडू ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या मागे असल्याचा दोष) होत नाही, त्यामुळे रेषेच्या पुढे गेलात की तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण संपलं. मागे राहिलेली जागा गोलकीपरनं बॉक्सबाहेर येऊन राखायची. तो गोलरेषेवरच खिळलेला राहणार असेल, तर बचावफळी वर आणण्याचा नाद सोडा.

दुसरी गोष्ट, प्रेस सुरू व्हायला सगळ्यांना दिसेल अशी खूण हवी. मागे दिलेला संथ पास, उसळता चेंडू, स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा फुलबॅक (कडेचा बचावपटू), कच्च्या पायावर चेंडू आलेला सेंटर-बॅक (मधला बचावपटू), या खात्रीच्या खुणा. खूण नसेल तर दहा मीटर मागे या आणि थांबा. त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : चेंडू टचलाइनकडे (मैदानाच्या लांब कडेकडे) ढकलून तिथे कोंडायचा म्हणतात. नेमकं कोणी कुठे जायचं?

उत्तर : समोरच्याच्या उजव्या सेंटर-बॅककडे चेंडू आहे असं धरा. स्ट्रायकरनं त्याच्यावर सरळ धावून जायचं नाही. दोन सेंटर-बॅकच्या मधून, कमानीसारखं वळत यायचं, म्हणजे चेंडू परत दुसऱ्या बाजूला फिरवायची वाट त्याच्या पाठीमागे बंद होते. आता सोपा पास उरतो तो उजव्या फुलबॅकला. तो द्यायला लावायचा.

खरा डाव इथून पुढे आहे. तुमच्या डाव्या विंगरनं (कडेच्या आक्रमकानं) पास सुटताक्षणी निघायचं, पोहोचल्यावर नव्हे. 15 मीटरचा जमिनीवरचा पास साधारण एक ते दीड सेकंद घेतो आणि तेवढ्यात विंगर 5 ते 7 मीटर कापतो. म्हणून तो आधीपासून 8-10 मीटरच्या टप्प्यात उभा असायला हवा, 20 मीटरवर उभं राहून उपयोग नाही. शेवटचे दोन-तीन मीटर पावलं आखूड करायची, अंग तिरकं ठेवायचं आणि आतला रस्ता अडवायचा. बाहेर टचलाइन आहेच.

त्याच वेळी तुमचा जवळचा मिडफिल्डर त्यांच्या होल्डिंग मिडफिल्डरला (बचावफळीच्या लगेच पुढे खेळणाऱ्याला) चिकटतो आणि डावा फुलबॅक त्यांच्या विंगरच्या पाठीला लागतो. लांबचा, म्हणजे उजवा विंगर मैदानाच्या मध्यापर्यंत आत येतो. लांबच्या कडेला त्यांचा एक खेळाडू मोकळा राहतो, आणि तो मुद्दाम सोडलेला असतो.

हा सापळा बहुतेक वेळा तीन ठिकाणी फुटतो. विंगर वेगात सरळ जातो आणि एका टचमध्ये आतून चकवला जातो. किंवा आपला फुलबॅक कचरतो, त्यांचा विंगर चेंडू घेऊन वळतो, आणि मग मागे धावण्यापलीकडे काही उरत नाही. तिसरं कारण सगळ्यात चिवट आहे : त्यांचा विंगर आलेला चेंडू एका टचमध्ये होल्डिंग मिडफिल्डरला आत टाकतो आणि तो पलीकडे फिरवतो. आपला मिडफिल्डर हातभर अंतरावर नसेल तर हा पास थांबत नाही. प्रेस फुटला की आधी मिडफिल्डरची जागा तपासा. आपण उगाच विंगरवर ओरडतो.

चेंडू बाहेर गेला तर श्वास सोडू नका. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, त्यामुळे वर आलेल्या फुलबॅकमागची जागा तेव्हाच सगळ्यात उघडी असते.

आणि प्रत्येक संघानं बाहेरच कोंडावं असंही नाही. प्रशिक्षक युर्गन क्लॉपच्या लिव्हरपूलमध्ये विंगर सालाह आणि माने बऱ्याचदा उलट करत. ते बाहेरून आत, सेंटर-बॅककडे धावत आणि फुलबॅककडे जाणारा पास आपल्या पाठीमागे झाकत. स्ट्रायकर फिर्मिनो समोरच्यांचा मधला मिडफिल्डर अडवून धरी. चेंडू आत येई, जिथे लिव्हरपूलचे तिघे मिडफिल्डर वाटच बघत असत. याची किंमत म्हणजे विंगरच्या डोक्यावरून फुलबॅकला उचललेला चेंडू. मग मधल्या खेळाडूला वीसेक मीटर आडवं पळावं लागतं. असे मिडफिल्डर नसतील तर टचलाइनचाच सापळा बरा.

प्रश्न : आमचे विंगर कडेला चिकटून खेळतात, क्रॉस (कडेवरून गोलपुढे मारलेले चेंडू) भरपूर टाकतात, गोल मात्र होत नाहीत.

उत्तर : रुंदी ही समोरच्यांना ताणण्यासाठी असते, क्रॉस टाकण्यासाठी ती वापरलीच पाहिजे असं नाही. मैदान 68 मीटर रुंद, पेनल्टी बॉक्स 40.32 मीटर. म्हणजे बॉक्सच्या दोन्ही बाजूंना जवळपास 14-14 मीटरचे पट्टे. चौघांची बचावफळी एकमेकांत 8-10 मीटर ठेवते, म्हणजे फार तर 30 मीटर झाकते. चेंडू एका कडेला असला की दुसरीकडचा मोठा तुकडा मोकळा पडतो.

तिथे पोहोचायचं कसं हा प्रश्न. 45 मीटरचा तरंगता पास जवळपास तीन सेकंद घेतो, आणि तेवढ्यात बचावफळी आरामात सरकते. आधी एका बाजूला चार-पाच आखूड पास खेळून त्यांना ओढून घ्या, मग सपाट आणि वेगवान पास द्या. पलीकडच्या विंगरनं तो थांबून घ्यायचा नाही, पहिला टच पुढेच पडला पाहिजे.

2022 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध अर्जेंटिनानं दि मारियाला डाव्या कडेला लावलं. फ्रान्सच्या डेंबेलेनं त्याला पाडलं तेव्हा पहिली पेनल्टी मिळाली. 36 व्या मिनिटाच्या गोलात चेंडू मेस्सी, आल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर असा धावत्या पासांनी पुढे आला आणि पलीकडे दि मारिया मोकळा होता. फ्रान्सनं मध्यंतरापूर्वी, 41 व्या मिनिटाला दोन बदल केले. त्यात डेंबेलेही बाहेर गेला.

आता क्रॉसबद्दल. कडेवरून, 30 मीटरवरून उचललेला उंच चेंडू हा बचावपटूंना सगळ्यात आवडणारा चेंडू, कारण तो त्यांच्या समोरून येतो. त्याऐवजी गोलरेषेपर्यंत जाऊन मागे दिलेला कटबॅक बघा. बचावपटू स्वतःच्या गोलकडे धावत असतात, नजर चेंडूवर असते, पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही. शिवाय घेणारा चेंडूच्या मागे असल्यानं ऑफसाइडची भीती नाही. त्यासाठी एकानं जवळच्या पोस्टकडे धावून बचाव ओढायचा, दुसऱ्यानं पेनल्टी स्पॉटजवळ थबकायचं, तिसऱ्यानं बॉक्सच्या कडेवर उशिरा यायचं. तिघेही गोलपुढच्या सहा यार्डांत घुसले तर कटबॅक घ्यायला कोणी उरत नाही. ही चूक फार सर्रास दिसते.

विंगर आणि फुलबॅक एकाच उभ्या पट्ट्यात नसावेत. विंगर आत गेला की फुलबॅक बाहेरून. 2018-19 च्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलच्या फुलबॅकचे, अलेक्झांडर-आर्नोल्डचे 12 आणि रॉबर्टसनचे 11 असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) याच मांडणीतून आले. विंगर बाहेरच राहणार असेल तर फुलबॅकला आत घ्या, जसं प्रशिक्षक ग्वार्डिओलांनी बायर्न म्युनिकमध्ये लाम आणि अलाबा या फुलबॅकना घेतलं. यात चेंडू गेला तर आतला फुलबॅक प्रतिहल्ल्याच्या वाटेतच उभा असतो.

प्रश्न : पीपीडीए (पासेस पर डिफेन्सिव्ह अ‍ॅक्शन) हा आकडा काय सांगतो?

उत्तर : मैदानाच्या त्यांच्याकडच्या सुमारे 60 टक्के भागात त्यांनी केलेले पास, भागिले त्याच भागातले तुमचे टॅकल (चेंडू हिसकावणं), इंटरसेप्शन (मधेच अडवलेले पास), फसलेले टॅकल आणि फाउल. आकडा लहान म्हणजे प्रेस जास्त. पण समोरचा संघ पहिल्याच पासला लांब चेंडू मारत असेल तर काहीही न करता आकडा लहान दिसेल. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : सरावात हे कसं बसवायचं?

उत्तर : टचलाइनला लागून 30 बाय 25 मीटरचा चौकोन आखा. चार विरुद्ध चार : एकीकडे सेंटर-बॅक, फुलबॅक, होल्डिंग मिडफिल्डर, विंगर; दुसरीकडे स्ट्रायकर, विंगर, मिडफिल्डर, फुलबॅक. चेंडू सेंटर-बॅककडून सुरू करा. सहा सेकंदांत चेंडू जिंकला तर प्रेस करणाऱ्यांना दोन गुण. आतल्या बाजूच्या 5 मीटरच्या फटीतून पास बाहेर काढला तर समोरच्यांना दोन, कारण सामन्यात तोच पास दुसऱ्या कडेला जातो. प्रत्येक फेरी 15-20 सेकंद, सहा फेऱ्या, मग दीड मिनिट विश्रांती. दमलेल्या पायांनी केलेला प्रेसचा सराव उशिरा पोहोचायचीच सवय लावतो. चेंडू फटीतून सुटला की खेळ तिथल्या तिथे गोठवा आणि मिडफिल्डर किती मीटर लांब होता ते पावलांनी मोजून दाखवा.