पुराचा नकाशा करायला बसलास तर

सुरुवात रडार प्रतिमांपासून कर. ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीवर ढग इतके दाट असतात की साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पांढऱ्या कापसाशिवाय काही दिसत नाही. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं, आणि प्रतिमा फुकट मिळतात.

२०१९ चा पूर सरावाला घे. नरसोबावाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, तिथे झूम कर. संथ पाणी रडारच्या लहरी आरशासारख्या पलीकडे फेकतं, म्हणून ते काळं दिसतं. शेजारी मे महिन्यातली प्रतिमा ठेव, पण उपग्रहाने त्याच कक्षेतून घेतलेली. तेव्हाही काळं असेल ते नेहमीचं पात्र. ते वजा कर. डोंगराची सावलीही काळीच येते, तिला पाणी समजू नकोस.

आणि ऊस! माझी पहिली मोठी चूक शिरोळकडच्या उसातच झाली. उभ्या उसाखाली पाणी साचलं तरी रडारच्या लहरी बहुतेक पानांवरूनच परततात, शेत कोरडं वाटतं. मी ती शेतं सोडून दिली होती. अजून लागतं मनाला, कारण बुडालेलं पीक नकाशावर नसेल तर मदतीच्या वेळी त्या शेतकऱ्याने दाखवायचं काय? म्हणून नकाशा देण्याआधी गावात फोन लाव. पाण्याची रेघ घराच्या भिंतीवर कुठवर चढली होती, ते विचार.