जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी जोडावी, की हार्ड डिस्कच बदलावी?

आपल्या डेस्कटॉपमध्ये सात वर्षांपूर्वीची १ टेराबाइटची हार्ड डिस्क आहे, विंडोज सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) जोडावी की जुनी डिस्क काढूनच टाकावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते एसएसडी जोडावी, विंडोज तिच्यावर न्यावे आणि जुन्या डिस्ककडे फोटो-चित्रपट सांभाळण्याचे हलके काम ठेवावे. मात्र ती डिस्क धडधाकट असेल तरच. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा वाढताना दिसला, तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) खरेदीला जाण्यापूर्वी कॅबिनेट एकदा उघडून पाहावे, कारण मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) कोणता हे सांगता आले नाही की दुकानात जे शिल्लक असते तेच गळ्यात पडते. बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवण्याची खाच) दिसला तरी तो एनव्हीएमई, म्हणजे अधिक वेगवान प्रकारची एसएसडी, चालवतोच असे नाही. काही बोर्डांवर तो फक्त साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) प्रकारची एम.२ एसएसडी स्वीकारतो, तर काहींवर तो वापरला की एखादे साटा पोर्ट बंद होते. मॅन्युअलमध्ये याची स्पष्ट नोंद असते. स्लॉट नसेल, तर २.५ इंची साटा एसएसडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली इकडून तिकडून वाचायच्या असल्यामुळे बहुतेक वेळ डिस्कचे हेड (डेटा वाचणारा भाग) योग्य जागी पोहोचण्यातच जातो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणे जवळजवळ संपते. म्हणून साटाचे सेकंदाला ५५० मेगाबाइट आणि एनव्हीएमईचे ३५०० किंवा त्याहून अधिक मेगाबाइट यांतली तफावत कागदावर मोठी दिसली, तरी रोजच्या वापरात ती फारशी जाणवत नाही.

२.५ इंची साटा एसएसडी बसवण्याचे काम सोपे आहे: प्लग काढावा, एक डेटा केबल आणि वीजपुरवठ्याची एक केबल जोडावी, स्क्रू आवळावेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, तेव्हा सुटे भाग हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. आणि कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही, हेही पाहावे.

विंडोजचे क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर करणे) झाल्यावर मात्र घाई करू नये. संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढावी आणि केवळ एसएसडीवर तो सुरू होतो का, ते पाहावे. मी हे केले नव्हते. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या, संगणक मुकाट्याने जुन्याच डिस्कवरून सुरू होत राहिला, आणि एसएसडीने काही फरक पडत नाही अशी तक्रार मी तीन आठवडे घरात करत होतो. बायोसमधील (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) बूटचा क्रम, म्हणजे आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते, बदलताच उलगडा झाला. एसएसडीवर सारे नीट चालते आहे याची खात्री पटल्यावरही जुन्या डिस्कवरचे विंडोज निदान पंधरा दिवस पुसू नये, आणि चुकून एसएसडीच पुसली जाऊ नये म्हणून पुसताना डिस्कची क्षमता दोनदा वाचावी.