सिगारेट नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर?

प्रश्न: आईने कधी सिगारेट ओढली नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. बायकांच्या हार्मोन्समुळे होतं का हो हे?

उत्तर: सगळं खापर हार्मोन्सवर फोडता येणार नाही, चुलीचा धूरही असतो, पण संबंध आहे. बऱ्याच गाठींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन जिथे चिकटून काम करतं त्या जागा) सापडतात आणि काही गाठी तर अरोमाटेज एन्झाइम वापरून स्वतःच इस्ट्रोजेन बनवतात, म्हणजे पाळी गेली तरी तिथे ते मिळतंच. अमेरिकेत पाळी गेलेल्या १६,६०८ बायकांच्या ट्रायलमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोन्सच्या गोळ्या घेणाऱ्या ७३ जणी या कॅन्सरने गेल्या, डमी गोळीवाल्या ४०. आईंची ईजीएफआर टेस्ट (गाठीतल्या ईजीएफआर या जीनमधला बदल शोधणारी) झाली का ते आधी विचारा, सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत हा बदल बराच सापडतो आणि त्यावर गोळ्या आहेत.