बाण लागल्यावर झाडावरून लगेच उतरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी जखम उघडली. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, काल संध्याकाळी क्रॉसबोने (चाप असलेल्या धनुष्याने) हरणाच्या नराला बाण लागला, पंधरा मिनिटांत तुम्ही खाली उतरलात, आणि पाणथळीपाशी रक्ताचा माग संपला. आता विचारताय की ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पातं, कुठलं घेऊ, आणि पुन्हा शोधायला जाण्यात अर्थ आहे का. ब्रॉडहेडचं राहू द्या हो. माझं हरीण हरवलं तेव्हा माझ्याकडे दुकानातलं सगळ्यात महागडं ब्रॉडहेड होतं.

वाऱ्याची दिशा, झाडावर बसताना बांधायचा पट्टा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

माझं ते तिसरं वर्ष. एक नर जमिनीला नाक लावून, घुरघुरत मादीच्या मागावर आला. मादी माजावर असते जेमतेम एक दिवस, त्यामुळे गड्याला कशाचंच भान नव्हतं. त्याला थांबवायला मी तोंडाने ‘मॅं’ केलं, तो थबकला, पण तिरका. मी तरीही बाण सोडला. त्याने पाठीची कमान केली, शेपूट आत घेतली आणि चालू लागला. चालू लागला, पळाला नाही! फुप्फुसात लागलेलं हरीण जीव खाऊन पळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात फक्त शिंगं होती.

दहा मिनिटांत खाली. बाण पानांत रुतलेला, त्याच्या पिसांना हिरवट चोथा, आणि मटणवाल्याकडे बोकडाचा कोठा साफ करताना येतो तो वास. नाकाला कळलं होतं, मला नाही. टॉर्च घेऊन निघालो. शंभरेक यार्डांवर पाणकणसांत खसखस झाली आणि तो उठून गेला. तो बसला होता ती जागा अजून उबदार होती, तिथे तळहाताएवढं काळपट रक्त. त्यापुढे एक थेंब नाही. रात्रभर त्याला तिथेच पडू दिलं असतं, तर बहुतेक सकाळी तिथेच मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी खुरांचे ठसे शेजारच्या जमिनीच्या कुंपणापाशी गेले. इथे जखमी जनावर आणायलाही मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. मालक कोण, हे विचारायला एका कार्यालयात फोन केला. तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी ‘सोमवारी या’. नकाशा त्यांच्याच भिंतीवर असणार, पण नाव सांगायला जीभ उचलेना. परवानगी मिळाली चौथ्या दिवशी. तोवर कायोटींनी (इथल्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांनी) बरगड्या आणि शिंगं तेवढी ठेवली होती. त्या वर्षी मी दुसरा नर मारला नाही. म्हणून सांगतो, शेजाऱ्यांचे नंबर हंगामाआधीच घेऊन ठेवा. जमिनींच्या मालकांची नावं दाखवणारी ॲप्स आता आहेत, कार्यालयाच्या नादी लागू नका.

माझा हिशेब असा: गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद, काळपट लाल म्हणजे काळीज (लिव्हर), चार ते सहा तास. हिरवट किंवा तो वास आला, म्हणजे पोटात लागलं, तर आल्या वाटेने गुपचूप घरी, आठ ते बारा तास. उबदार रात्री मांस खराब होईल म्हणून काही जण वाद घालतात. होईलही. पण उठवलेलं हरीण बहुतेकदा हाती लागत नाही, मग मांस कसलं? हे माझं मत, मी काही जीवशास्त्रज्ञ नाही. मात्र माज कधी येणार ते सांगणारे चंद्राचे तक्ते आणि नराला भुलवायच्या मादीच्या मुताच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. माज ठरतो दिवसाच्या लांबीवर, म्हणून दरवर्षी साधारण त्याच तारखांना येतो.

पोस्टमध्ये तुम्ही बंदुकीच्या हंगामाचंही लिहिलंय म्हणून जाता जाता: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, तर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते, म्हणून परवान्याच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. मी वकील नाही, वकिलाला विचारा. आणि मित्रांना मांस वाटण्याआधी सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची) तपासणी करून घ्या. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून आढळतो आणि तपासणी फुकट होते. (भारतात शिकारीला बंदी असल्यामुळे माझी आई अजून विचारते, ‘पोलीस पकडत नाहीत ना रे?’)

आता तुमचा नर. बाण पुन्हा नीट बघा, हुंगा. कोठ्याचा वास असेल, तर आज दुपारपर्यंत जाऊ नका. मग एकट्याने नको, दोरीवर माग काढणारा कुत्रा मिळतोय का बघा. पोटात लागलेलं हरीण पुष्कळदा पाण्याकडे जातं, म्हणून रक्त संपलं तिथून पाणथळीच्या कडेकडेने हळू चाला आणि दर वीस पावलांवर थांबून कावळे कुठे ओरडताहेत ते ऐका.