बाप्तिस्म्यावरून अभ्यासगट फुटायला हवा का?

तुमचा प्रश्न: पुण्यातल्या तुमच्या बायबल अभ्यासगटात काही जण बाळाचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) मानतात, काही फक्त विश्वास कबूल केलेल्यांचा. वचनाशी तडजोड न करता एकत्र राहता येईल?

येईल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालं, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बाळाचा बाप्तिस्मा मानणारे अँग्लिकनही होते आणि फक्त विश्वास कबूल केलेल्यांचा मानणारे बाप्टिस्टही. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. प्रश्न सुटला म्हणून नव्हे, सुटत नाही हे ओळखून.

सगळ्याच मतभेदांना हे लागू होत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात खाणंपिणं नि सणवार यांबद्दल प्रेषित पौल म्हणतो, एकमेकांना दोष लावू नका. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र सुवार्ताच (ख्रिस्ताचा मूळ संदेशच) बदलतेय म्हटल्यावर तो अजिबात सोडत नाही. म्हणून आधी ठरवा, तुमचा वाद कुठल्या जातीचा आहे. माझ्या मते बाप्तिस्म्याचं वय पहिल्या जातीचं; कट्टर बाप्टिस्टांना हे पटणार नाही, चालेल.

आणि सुटी वचनं एकमेकांवर फेकू नका (हा पुणेरी वादाचा आवडता प्रकार!). अख्खा अध्याय वाचा, मग समोरच्याचं म्हणणं त्यालाच मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवा. निम्मी भांडणं तिथेच ढेपाळतात.