उत्तर चुकलं की प्रश्न चुकला?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

बालवाडीतल्या प्रात्यक्षिकाचा तुझा आराखडा वाचला. मुलांचा विचार कसा वाढतो यावर मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या चार अवस्था आणि त्यांचे वयोगट बरोबर उतरवले आहेस. परीक्षेला तेवढं पुरतं. पण ‘2 ते 7, पूर्वक्रियात्मक’ (म्हणजे तर्कशुद्ध विचार जमण्याआधीची अवस्था) हा तक्ता डोक्यात घेऊन मुलासमोर बसलीस, तर मूल तक्त्याबरहुकूम चुकतंय असंच तुला दिसेल. पियाजेचं स्वतःचं कामही तक्त्यापासून सुरू झालं नव्हतं. पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्या प्रमाणित करायचं काम त्याच्याकडे आलं, आणि बरोबर उत्तरांपेक्षा चुकांनीच त्याला धरून ठेवलं. ठरावीक वयाची मुलं ठरावीक धाटणीनं चुकत होती. तू चुका टिपायला चालली आहेस, गुण द्यायला नाही.

सुरुवात संख्येपासून कर. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे मुलाला कळतं का, एवढंच बघायचं आहे. चिंचोके घे. साधनपेटी विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले-बियांवरच बालशिक्षण उभं केलं.

सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी, समोरासमोर, जोड्या स्पष्ट दिसतील अशा मांड. चारच ठेवलेस तर मूल नुसत्या नजरेनं ओळखतं. दहा ठेवलेस तर मोजण्यातच अडकतं. विचार, ‘दोन्हीकडे सारखेच आहेत का?’ मूल ‘नाही’ म्हणालं तर त्यालाच सारखे करायला सांग. त्यानं कबूल केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. इथे घाई झाली तर पुढची सगळी नोंद वाया. मग त्याच्या देखत एक ओळ पसरव आणि विचार, ‘आता सारखेच आहेत, की एकीकडे जास्त आहेत?’ पुढच्या मुलाला पर्यायांचा क्रम उलटा कर, कारण बरीच मुलं शेवटचं ऐकलेलं उचलतात. ‘मोठी ओळ कुठली?’ असं चुकूनही विचारू नकोस. ओळ खरंच मोठी झालेली असते, मूल खरं तेच सांगेल आणि तू त्याला नापास करशील.

उत्तर आलं की ‘कसं ओळखलंस?’ विचार आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बस. खरा ऐवज या उत्तरात असतो. ‘कुणी घेतलेच नाहीत’, ‘परत जवळ आणले की होतील सारखे’, ‘ही लांब आहे, पण मधे मोकळी जागा आहे’ या तीन तऱ्हांपैकी एक आली तर समज पक्की धर. नुसतं ‘सारखे’ आलं तर वहीत प्रश्नचिन्ह टाक.

आता यातली मेख. एकच प्रश्न मोठ्या माणसानं दोनदा विचारला की मूल काय समजतं? पहिलं उत्तर चुकलं. आपल्याकडे तर बाईंनी ‘नक्की का?’ म्हटलं की अख्खा वर्ग उत्तर बदलतो. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी 1974 मध्ये पहिला प्रश्न गाळून फक्त बदलानंतर विचारलं, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच सुमारास मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी 4 ते 6 वर्षांच्या 80 मुलांसमोर एका खोडकर टेडीकडून ओळ ‘चुकून’ विस्कटवली. मोठ्या माणसानं मुद्दाम हलवली तेव्हापेक्षा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मोठं माणूस काही हलवतं, तेव्हा ते महत्त्वाचंच असणार, असा मुलाचा हिशोब असतो, आणि तो एरवी बरोबरही असतो.

पण टेडीवर फार भाळू नकोस. त्या गोंधळात मुलाचं ओळीकडे लक्षच राहत नाही, असा आक्षेप नंतर घेतला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. म्हणून एक फेरी अशी ठेव, की बाहुली विस्कटताना एक चिंचोका खरंच पळवते. तिथेही मूल ‘सारखेच’ म्हणालं, तर आधीच्या बरोबर उत्तराला अर्थ नाही.

पाण्याचा प्रयोग दुसऱ्या दिवशी: दोन पेल्यांतलं सारखं पाणी, त्यातलं एक उंच अरुंद पेल्यात ओतायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. काचेचेच पेले घे, स्टीलचे नकोत. पातळी दिसली पाहिजे. संख्या जमलेलं मूल पाण्यात चुकलं तर गोंधळू नकोस. साधारणपणे संख्या आधी, द्रव आणि कणकेचा गोळा त्यानंतर, वजन आणखी उशिरा. एकच समज सगळीकडे एकदम येत नाही, हे पियाजेलाही ठाऊक होतं; आपल्या गाइडांत मात्र अवस्था इयत्तेसारखी बदलते.

दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मुलाला कळतं का, त्याची गोष्ट विमर आणि पर्नर यांच्या 1983 च्या प्रयोगावर बेत. चिंगी लाडू डब्यात ठेवून खेळायला जाते, दादा तो परडीत हलवतो. ‘चिंगी आल्यावर लाडू आधी कुठे शोधेल?’ यातला ‘आधी’ गाळू नकोस. नाहीतर लहान मुलं लाडू शेवटी कुठे सापडेल तेच सांगतात. जोडीला दोन प्रश्न हवेतच: आत्ता लाडू कुठे आहे, आणि चिंगीनं कुठे ठेवला होता. यांतला एक जरी चुकला तर ते मूल मोजू नकोस, त्याला गोष्टच लक्षात राहिलेली नाही. जागा दोनच, म्हणजे नुसत्या अंदाजानंही निम्म्या वेळा बरोबर येणार. म्हणून वेगवेगळ्या तीन गोष्टी कर.

चिंचोक्यांत चुकलेल्या मुलाला तिथेच सोडू नकोस. मूल एकट्यानं काय करतं यापेक्षा मदतीनं काय करू शकतं हे बघा, म्हणणारा मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की कामाला येतो तो इथे. एकट्याला जमलं नाही, मग किती मदतीनं जमतं? आधी नुसतं ‘पुन्हा बघ’, मग ‘जोड्या लावून बघतोस का?’, मग एक जोडी तू लाव, शेवटी सगळ्या मिळून लावा. जमलं की मदत कमी, अडलं की एकच पायरी जास्त. बालवाडीत बहुतेक वेळा थेट हात धरून करवून घेतात. मग मुलाचं स्वतःचं किती आणि बाईंचं किती, हे कुणालाच सांगता येत नाही. कितव्या पायरीला जमलं ते लिही. दोन ‘चुकलेल्या’ मुलांतला फरक त्या आकड्यातच दिसतो.

नोंदीत वय वर्षं-महिन्यांत लिही, नाव नको. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत ठेव, प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नकोस. एका मुलाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नकोस, आणि खाऊच्या सुट्टीआधी तर मुळीच नको. पालक विचारतीलच, ‘आमचा हुशार आहे ना?’ त्यावर एवढंच सांग, की एका बैठकीवरून ते कळत नाही.

पालकांची आणि बाईंची परवानगी असेल तर आवाज ध्वनिमुद्रित कर. पहिल्या पाच मुलांचं झालं की पाठव. आधी तुझे प्रश्न ऐकेन, उत्तरं नंतर.