ऑरगॅनिक आर्किटेक्चर म्हणजे गोल भिंतींचं घर का? बेळगावजवळच्या खानापूरकडे असं घर कसं बांधावं?

नाही, गोलाई हा गाभा नव्हेच. ही कल्पना मांडणारे अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचा आग्रह होता की घर त्या जागेतूनच उगवल्यासारखं वाटावं. त्यांचं 1935 साली आखलेलं 'फॉलिंगवॉटर' हे घर पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर उभं आहे, भिंती तिथल्याच दगडाच्या. पण पुढे काढलेल्या गच्च्यांत सळी कमी पडली. गच्ची सुमारे 7 इंच झुकली आणि 2002 मध्ये पोलादी केबल ताणून सावरावी लागली.

खानापूरच्या पावसात जांभा आणि मंगलोरी कौलंच घ्या. जांभ्याचा चिरा खाणीतून ओला, मऊ येतो. महिनाभर उघड्यावर वाळवून मगच लावा. छपराला 30 अंश उतार, वळचण 3 फूट बाहेर. ती आखूड ठेवली की झड थेट भिंतीवर येते आणि जांभ्याच्या भोकांतून ओल आत शिरते. बाहेरून सिमेंटचा गिलावा नकोच; ओल आत कोंडून त्याचे पोपडे सुटतात.